रात्री बेल वाजवा

रिक्षात माणसं काय काय विसरून जातात. छत्री, जेवणाचा डबा, एका पायातली चप्पल, एकदा तर दातांची कवळी. असल्या वस्तू न्यायला माणसं दुसऱ्या दिवशी शोधत येतात. गोष्टी मात्र तशाच पडून राहतात, त्या न्यायला कुणी येत नाही. सांगलीत तीस वर्षं रात्रीची रिक्षा चालवली. आता सीटखाली जागा उरली नाही, म्हणून त्यातल्या थोड्या इथं काढून ठेवतो.

आमच्या स्टँडवर रात्री आम्ही तिघंच. मी, दस्तगीर आणि जिन्नाप्पा. दस्तगीर तोंडाचा फटकळ, हाताचा मोकळा. जिन्नाप्पा जैन, दिवस मावळायच्या आत जेवून येतो आणि मग रात्रभर आमच्या वडापावाकडं बघून आम्हाला शास्त्र सांगतो. मला दोघं तात्या म्हणतात. मी गाडी सावकाश चालवतो. दस्तगीर लोकांना सांगत असतो, "पेशंट असला तर तात्याच्या रिक्षात बसवा. दवाखाना येईस्तोवर आपोआप बरा हुतोय."

या सगळ्या गोष्टी रात्रीच्या औषधाच्या आहेत, त्याला कारण आहे. माझ्या बायकोला, शेवंताला, दमा आहे. तोंडात धरून ओढायचा पंप असतो, तो ओढला की ती दहा मिनिटांत माणसात येते. पंप नसला तर भिंतीला पाठ लावून बसते आणि मी तिच्या खांद्यांकडं बघत बसतो. खांदे वर, खांदे खाली. पंप दिवसा कधी संपत नाही. संपला तर रात्रीच संपतो.

सरकारी दवाखाना आहे, तिथं रात्री दिवा असतो, माणूस असतो. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण तिथं बऱ्याचदा चिठ्ठी मिळते, आणि चिठ्ठी ओढता येत नाही.

तेव्हा माझा प्रश्न साधा होता. रात्री दोन वाजता शेवंताचा पंप संपला तर जायचं कुठं? हा एवढाच प्रश्न मी सगळ्या गावाला विचारत फिरलो.

*

स्टँडपासून चार गल्ल्या सोडून एक मेडिकल आहे. नाव सांगत नाही, बोर्ड सांगतो. भला मोठा, आत ट्यूब लावलेला. 'चोवीस तास सेवा'. त्याखाली बारीक अक्षरात 'रात्री बेल वाजवा'. रात्रभर बोर्ड ढणढणा पेटलेला आणि खाली शटर बंद.

मी शाळेत गेलो नाही. दुकानांचे बोर्ड वाचत वाचत अक्षरं शिकलो. त्यामुळं बोर्डावर माझा फार विश्वास. दोन रात्री जाऊन परत आलो, तिसऱ्या दिवशी दुपारी जाऊन शेठना विचारलं.

"शेठ, बोर्डावर चोवीस तास लिहिलंय."

"बरोबर लिहिलंय."

"रात्री तर बंद असतंय."

शेठनी माझ्याकडं अशा दयेनं बघितलं, की मला वाटलं आता हे मला फुकट टॉनिक देतील. म्हणाले, "सकाळी नऊ ते रात्री नऊ, किती झाले?"

"बारा."

"आज बारा. उद्या बारा. झाले का न्हाई चोवीस?"

मी घरी येऊन शेवंताला हिशोब सांगितला. ती म्हणाली, "मग बरं हाय. मी आज निम्मा श्वास घेते, निम्मा उद्या."

*

बेलचं प्रकरण दस्तगीरनं काढलं. एका रात्री त्याच्या रिक्षात एक बाई होती, नवऱ्याच्या पोटात कळ येत होती. दस्तगीर त्या मेडिकलपुढं उभा राहून बेलचं बटण दाबत राहिला. एका अंगठ्यानं दमला तेव्हा दुसरा लावला. वर काही हालचाल नाही.

त्या रात्री जिन्नाप्पापण तिथं पोचला. तो शांतपणे बटणापासून वायर धरून निघाला. वायर भिंतीवरनं वर गेली, खिळ्याला वळसा घालून बोर्डाच्या मागं शिरली. जिन्नाप्पा रिक्षाच्या टपावर चढला, बोर्डामागं डोकावला आणि खाली उतरून हात झटकत म्हणाला, "दस्तगीर, अंगठा काढ. वायर बोर्डामागं जाऊन स्वतःलाच गाठ मारून बसलीया."

दुसऱ्या दिवशी दस्तगीर भांडायला गेला. शेठ गल्ल्यावर बसून शांतपणे म्हणाले, "आमी 'वाजवा' म्हणून लिहिलंय. वाजती म्हणून कुठं लिहिलंय?"

पुढं दिवाळीच्या सुमाराला काच बसवणारा एक माणूस माझ्या रिक्षात बसला. शेठ दुकानाच्या वरच राहतात, त्यांच्या झोपायच्या खोलीला तो दुहेरी काच बसवून आला होता. मोठ्या अभिमानानं सांगत होता, "काका, आता खाली शटर फोडलं तरी वर ऐकू जायचं न्हाई. शेठना तसंच पायजे हुतं. रात्री लोक लय वाजवत्यात म्हणं."

बेलची वायर जोडायला दोन मिनिटं लागतात. ती काच बसवायला चार दिवस लागले होते. माणसानं मनावर घेतलं की काम होतं.

*

एका टेलरच्या बोटात मशीनची सुई घुसून मोडली. लग्नसराई, बिचारा रात्री साडेअकराला शिवत बसला होता. दस्तगीरनं त्याला एका नव्या खासगी दवाखान्यात नेलं. काचेचं दार, आत गार हवा, काउंटरवर एक माणूस मोबाइल बघत बसलेला.

"डॉक्टर हायत का?"

"आहेत."

"बोलवा की."

"अपॉइंटमेंट आहे का?"

टेलरनं बोट वर केलं. सुईचं टोक बाहेर दिसत होतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ते दिसतंय. अपॉइंटमेंट ॲपवर घ्यावी लागते. तसा नियमच आहे."

टेलरचा एक हात कामाचा नाही, दस्तगीरला इंग्रजी येत नाही. तरी दोघांनी मिळून अर्धा तास खटपट केली. नाव, वय, पत्ता, ओटीपी. शेवटी फोन टिंग वाजला. दस्तगीरनं स्क्रीन काउंटरवर धरली.

तो माणूस खूश झाला. "मिळाली की. गुरुवारी साडेचार."

ती रात्र सोमवारची होती.

दस्तगीर टेलरला म्हणाला, "चला मास्तर. तवर डाव्या हातानं काज-बटनं करा."

सुई शेवटी सरकारी दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टर पोरीनं काढली, रात्री एक वाजता, चिमट्यानं. तिच्याकडं ॲप नव्हतं. पण गंमत गुरुवारची. साडेचारला टेलरच्या फोनवर खासगी दवाखान्याचा मेसेज आला, 'आपण आला नाहीत. आपल्या आरोग्याकडे दुर्लक्ष करू नका.'

*

आष्ट्याहून एक गृहस्थ आले होते, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टांचं दुकान असलेले. रात्री अकराला त्यांचं डोकं चढलं, बीपी वाढलं. मी त्यांना एका डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर भले, उठून आले, तपासलं, गोळी लिहून दिली. आम्ही ती चिठ्ठी घेऊन त्या रात्री जे एक मेडिकल नशिबानं उघडं होतं तिथं गेलो. तिथला माणूस म्हणाला, "ही गोळी फक्त त्या डॉक्टरांच्या दवाखान्याखालच्या मेडिकलात मिळते. ती दुसरं कुणी ठेवत नाही."

परत आलो. खालचं मेडिकल बंद. वर गेलो. गृहस्थ म्हणाले, "साहेब, ही गोळी तुमच्या खालीच मिळती म्हणं."

"हो."

"खाली बंद हाय."

"हो, नऊला बंद होतं."

"मग आता?"

"सकाळी सुरू करा."

"मग आत्ता दुसरी कुठली तरी लिवून द्या की."

डॉक्टर जरा दुखावले. म्हणाले, "दुसरी गोळी चांगली नाही."

"मग साहेब, मला रात्रीचं तपासलं कशाला?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आलात म्हणून."

आष्ट्याच्या गाडीत बसवताना गृहस्थ म्हणाले, "तात्या, आमच्या दुकानात रात्री बारा वाजता ट्रॅक्टरचा पार्ट मागा. दुसऱ्या कंपनीचा का असंना, पण देतो. ट्रॅक्टर थांबवून ठेवत न्हाई."

*

आता मोबाइलमधल्या नकाशाचं. पुण्याहून लग्नाला आलेलं एक जोडपं, कडेवर वर्षाचं लेकरू, तापानं फणफणलेलं. जिन्नाप्पाच्या रिक्षात बसले. जिन्नाप्पा म्हणाला, "मी विचारून बघतो कुठलं उघडं हाय ते." तर तो तरुण म्हणाला, "विचारायची गरज नाही काका, मॅपवर दाखवतंय. सात मेडिकल उघडी आहेत."

सातांपैकी चारांची शटरं बंद होती. पाचव्या जागी गोडाऊन निघालं. सहावं महापुरानंतर उठून कुठं गेलं ते कुणालाच माहीत नाही. सातव्या ठिकाणी रिक्षा थांबली तेव्हा समोर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, तेही बंद. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण पोहोचला आहात."

"पण इथं उघडं दाखवतंय," तो तरुण म्हणाला. दुकानाकडं त्यानं बघितलंच नाही, फोनकडंच बघत होता.

जिन्नाप्पा म्हणाला, "बाई लय खात्रीनं बोलती, नव्हं?"

मग त्या तरुणाच्या बायकोला रडू फुटलं. जिन्नाप्पानं दस्तगीरला फोन केला आणि रिक्षा सरळ दस्तगीरच्या घरापुढं नेली. दस्तगीरच्या बायकोनं, जैतूनभाभीनं, पहिल्या टकटकीला दार उघडलं. त्यांच्याकडं एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा असतो, त्यात नातवंडांची औषधं. त्यांनी लेकराचं वजन विचारलं, बाटलीवरची तारीख दिव्याखाली धरून वाचली, झाकणानं मोजून औषध पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं आणि आईला चहा दिला. अर्ध्या तासानं लेकरू झोपलं.

निघताना तो तरुण फोन बाहेर काढून म्हणाला, "भाभी, तुमचं लोकेशन मॅपवर टाकू का? लोकांना उपयोग होईल."

भाभी म्हणाल्या, "नको बाबा. मॅपवर गेलं की दार बंद हुतंय."

*

साताऱ्याची गोष्ट मी सहसा सांगत नाही. तिथं आमची लेक असते, तिच्याकडं गेलो होतो. जावई शिरवळला कंपनीत, त्या रात्री तो पाळीवर. शेवंताला एकच्या सुमाराला दम लागला. पंप हलवून बघितला, आत काही तरी वाजलं, म्हणून तिनं दोनदा ओढला. नुसती वाफ. पंपात औषध संपलं तरी फुसफुस चालूच राहते, हे आम्हाला त्या रात्री कळलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती हायवेला अपघातावर गेली होती. तिला कशी नावं ठेवू?

लेकीपाशी लहान मूल, तिला घरीच ठेवलं. आम्ही दोघं पायी निघालो. दहा पावलं चालायचं, थांबायचं. पेठेत एका मेडिकलपुढं आलो. तिथं बँकेचा वॉचमन होता. त्याला विचारलं, "दादा, रात्री कुठलं मेडिकल उघडं असतंय?"

तो म्हणाला, "पाळी असते काका. दर रात्री एकाची. यादी लावलेली आहे."

"कुठं?"

त्यानं शटरकडं बोट दाखवलं. "ह्याच्या आत. काचेवर."

"शटर तर बंद हाय."

"हो ना. यादी बघायची तर सकाळी यावं लागतं."

शेवंताला पुढं चालवेना. त्याच मेडिकलच्या पायरीवर ती बसली, मी शेजारी. वॉचमननं त्याची खुर्ची दिली, पण तिला टेकायला भिंत लागते. वॉचमन मध्येच फोन लावत होता, रिक्षा मिळते का बघत होता. खांदे वर, खांदे खाली. तिचा हात माझ्या हातात होता, बोटं गार. आभाळ उजळलं तेव्हा मला वाटलं, हिनं ही रात्र एकटीनं ओढून आणली.

दुकानदार आला. त्यानं आधी पायरीवर पाणी शिंपडलं. म्हणाला, "आजी, जरा सरका, शटर उघडायचंय."

पंप मिळाला. ती माणसात आली. मग मी काचेवरची यादी बोट लावून वाचली. एकेक अक्षर लावत वाचायला मला वेळ लागतो. कालच्या तारखेपुढं त्याच दुकानाचं नाव होतं.

मी म्हणालो, "काल रात्री तुमचीच पाळी हुती."

"हो, आमचीच होती," तो उदबत्ती ओवाळत म्हणाला. "पण रात्री कुणी येतच नाही बघा."

*

त्या दिवसापासून मी दोन पंप ठेवायला लागलो. एक घरात, एक रिक्षात. जैतूनभाभींनी आम्हाला त्यांच्यासारखाच एक पत्र्याचा डबा दिला. तो माझ्या सीटखाली असायचा. त्यात शेवंताचा जादा पंप, कापूस, पट्टी, जुलाबावरची साखर-मिठाची पुडी आणि बाम. चार-सहा महिन्यांत लोकांना कळलं. कुणाचं बोट कापलं, कुणाच्या पोटात बिघडलं, की माणसं स्टँडवर यायची. बोर्ड नव्हता, तरी यायची.

एका रात्री गाडी तपासणारे एक साहेब आले. सीट वर करायला लावली. डबा उघडून म्हणाले, "हे काय?"

"औषधं, साहेब. अडीनडीला."

"औषधं ठेवायचं लायसन आहे?"

"न्हाई साहेब."

"मग हा गुन्हा होतो. समजतं का? लायसन असलेली एवढी मेडिकल आहेत गावात, तिथं जायला सांगायचं लोकांना."

दस्तगीर म्हणाला, "साहेब, त्यातलं आत्ता उघडं असलेलं एक दाखवा, आमी तिघं तुमच्या पाया पडतो."

साहेब रागावले. डबा जप्त केला. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, बाकी सगळं न्या. तेवढा पंप ठेवा, तो बायकोचा हाय." साहेब म्हणाले, "उद्या ऑफिसात येऊन अर्ज करा."

जाता जाता त्यांनी गाडीतच डबा उघडला, बामची बाटली काढली, कपाळाला चोळली आणि बाटली खिशात घातली. जिन्नाप्पा म्हणाला, "बघा. डब्याचा उपयोग झाला."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. साहेब रजेवर. तिसऱ्या दिवशी गेलो. साहेब आले होते, पण डबा कुठल्या कपाटात आहे ते माहीत असलेला क्लार्क रजेवर.

चौथ्या रात्री घरातला पंप फुसफुसला.

*

साडेबाराला घरनं पोराचा फोन आला, "आबा, आईला बोलता येईना." दस्तगीर, जिन्नाप्पाला घेऊन मी घरी पोचलो तर शेवंता भिंतीला पाठ लावून बसलेली. साताऱ्याला बसली होती तशी, पण डोळे जास्त मोठे. माझ्याकडं बघून तिनं दोन बोटं वर केली. म्हणजे दोनदा ओढून बघितला.

दस्तगीर म्हणाला, "तात्या, आज तू मागं बस. गाडी मी चालवतो." मी वाद घातला नाही. त्यानं जी रिक्षा पळवली, ती मला माझी वाटेना. जिन्नाप्पा पुढच्या पेठेतली मेडिकलं बघायला गेला, आम्ही इकडची. तीन बंद. सरकारी दवाखान्याकडं वळायचं तर वाटेत ती चार गल्ल्यांपलीकडची गल्ली लागते. लांबूनच तो बोर्ड दिसला. चोवीस तास सेवा.

दस्तगीर म्हणाला, "ह्याला काय बघायचं?"

मी म्हणालो, "थांब. कुणी तरी वाजवतंय."

खरंच कुणी तरी शटर वाजवत होतं. धाड, धाड, धाड. मला वाटलं आमच्यासारखंच कुणी असंल. पण दुकानापुढं माणूस नव्हता. दस्तगीर उतरला, शटरला कान लावला आणि वळून म्हणाला, "तात्या, हे आतनं वाजतंय."

तेवढ्यात समोरच्या घराची खिडकी उघडली. एक म्हातारे गृहस्थ झोपेतल्या आवाजात म्हणाले, "अहो, किती वेळ वाजवताय? ते मेडिकल रात्री उघडत नाही. सकाळी नऊला या." खिडकी बंद.

"कोण हाय आत?" दस्तगीर ओरडला.

"मी, मी हाय. शेठ."

लग्नाचं जेवण शेठना बाधलं होतं. पोट जळायला लागलं, म्हणून मध्यरात्री गोळी न्यायला स्वतः खाली आले. शटर अर्धं उचलून आत वाकले, आणि वरची स्प्रिंग तुटली. शटर धाडकन खाली. त्यांची एक चप्पल शटरखाली तिरकी अडकली, म्हणून जमिनीपासून चार बोटांची फट उरली होती. फोन वर चार्जिंगला. बायको वर झोपलेली, दुहेरी काचेच्या आत.

"तासभर वाजवतोय," आतनं आवाज आला. "गल्लीत माणसं राहत्यात का न्हाई?"

मी गुडघ्यावर बसलो, फटीला तोंड लावलं. "शेठ, दम्याचा पंप हाय?"

"आधी शटर उचला."

आम्ही दोघांनी जोर लावला. शटर हललं नाही. मागं रिक्षात शेवंताचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी पुन्हा वाकलो.

"शेठ, उचलत न्हाई. बायको मागं बसलीया. आधी पंप द्या."

मग शेठ म्हणाले, "चिठ्ठी आहे का?"

दस्तगीरनं जे शब्द वापरले ते इथं लिहीत नाही. माझ्या खिशात चिठ्ठी होती, साताऱ्यापासून मी ती जवळ ठेवतो. फटीतून आत सरकवली. आत दिवा लागला. कपाटाचं दार वाजलं. मग त्या फटीतून, चपलेच्या शेजारून, पंपाचं खोकं बाहेर आलं.

शेवंतानं ओढला. मी तिच्या खांद्यांकडं बघत राहिलो. पुन्हा ओढला. पुष्कळ वेळानं खांदे थांबले. तिनं माझा हात सोडला, तेव्हा कळलं की तिनं तो इतका वेळ धरला होता.

तोवर दोन माणसं आली. त्यांनी लांबून दुकानाच्या फटीत दिवा बघितला होता. एकाला लेकराच्या जुलाबाचं औषध पाहिजे होतं, एकाला आईच्या साखरेच्या गोळ्या. दोघंही गुडघे टेकून फटीपुढं बसले. शेठ आतनं विचारत होते, चिठ्ठी घेत होते, औषध सरकवत होते. जिन्नाप्पा आला, ते सगळं बघितलं आणि बोर्डाकडं मान वर करून बराच वेळ उभा राहिला.

दस्तगीरनं शटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला फोन लावला. त्याच्या दुकानावरही 'तातडीची सेवा, केव्हाही' असं लिहिलेलं आहे. तिसऱ्या वेळी त्यानं उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सकाळी नऊला बघू."

"आवं काय म्हणतोय त्यो?" शेठनी आतनं विचारलं.

सांगायचं कुणी?

तेव्हा रिक्षातून शेवंता उतरली. साडेबारापासून तिच्या तोंडातून एक शब्द निघाला नव्हता. पदर सावरत, सावकाश चालत ती शटरपर्यंत आली, एक हात शटरला लावून खाली वाकली आणि त्या फटीतून म्हणाली,

"आवं शेठ, बेल वाजवायची व्हती की."